मुखवट्यातला वधूपिता

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा मुखवटा आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरात माझा जन्म झाला. समोरच्या बेटावरच्या किल्ल्यात फार पूर्वी एक कैदी होता. त्याचा चेहरा कायम झाकलेला असे. तो कोण होता, हे आजवर कोणालाच कळलेलं नाही. म्हणून तर त्याच्यावर गाणी झाली, चित्रं झाली, नाटकं झाली! आमच्या बंदरातल्या हौशी मंडळींनीही एक नाटक बसवलं आणि त्यासाठी गास्तों पत्रेवाल्याने मला घडवलं.

कैद्याचं काम कालिक्स्त नावाचा होडीवाला करी. माझ्याआडून त्याचा आवाज घुमला की बायाबापड्या डोळे पुसत. मला कोण अभिमान वाटे! पण हिवाळा आला की मी ओल्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगावर. खाऱ्या हवेने माझी डोक्यामागे बंद होणारी कडी गंजली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एका उन्हाळ्यात हंगामातला पहिला खेळ झाला. दुसऱ्या दिवशी कालिक्स्तच्या लेकीचं, नोरीनचं लग्न. पडदा पडल्यावर त्याने कडी ओढली. ती हलेना.

"कापून काढू," गास्तों म्हणाला.

"हात लावू नकोस. रविवारी परत खेळ आहे, तेव्हा काय तुझं डोकं घालू?"

मग कडीत ऑलिव्हचं तेल सोडलं. सकाळ झाली तरी कडी ढिम्म. कालिक्स्त कोपऱ्यात बसून राहिला.

"मी नाही येत, पोरी. व्याह्यांसमोर तुझं हसं होईल."

"हसू देत. तुझ्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. ऊठ बाबा, कोट घाल."

नगरपालिकेत महापौरांनी चष्मा सावरला. "वधूचे वडील?"

"हा काय, समोर उभा आहे," कालिक्स्त म्हणाला.

"कशावरून? या मुखवट्यात कोण आहे, ते भल्याभल्यांना सांगता आलं नाही. मी कुठून सांगू?"

सगळे हसले. नोरीन मात्र हसली नाही. "मी सांगते. हा माझा बाबा आहे. आणि आत रडतोय."

खरंच रडत होता. माझी हनुवटी आतून भिजली होती.

जेवणात त्याने माशांचं सार मॅकरोनीच्या नळीतून ओढलं. येणारा-जाणारा कडीवर तेल सोडत होता. शेवटी लेकीबरोबर नाचताना कट्‌कन आवाज झाला आणि मी खाली पडलो. कालिक्स्तचा लालबुंद, तेलकट चेहरा बाहेर आला. विहीणबाई म्हणाल्या, "मुखवटाच बरा होता हो."

त्यानंतर नोरीनने मला पडवीत जाऊ दिलं नाही. दर हिवाळ्याआधी ती मला पुसायची, कडीला तेल द्यायची. आता कालिक्स्त नाही. नाटकाला नवा, मखमली मुखवटा आला आहे. मी रंगमंचामागच्या भिंतीवर उंच टांगलेला असतो. नोरीनआजी यंदाही बाटली घेऊन आली होती, पण तिला शिडी चढवेना. ती खालूनच माझ्याकडे बघत उभी राहिली आणि निघून गेली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी शिडी चढू शकत असेल तर या. तेलाचे दोन थेंब पुरतात.