अजून खारट

कल्याणच्या खाडीकाठची मिठाची वखार ती मीच. आता लोक मला 'जुनं गोडाऊन' म्हणतात. चालतं. मीठ मात्र माझ्या भिंतींत मुरलेलं आहे.

विटा-चुन्याच्या भिंती, वर कौलं. भरतीला मचवे धक्क्याला लागत आणि बायका टोपल्यांनी मीठ आत आणत. त्यांतली एक मालू, इथल्याच कोळीवाड्यातली. दिवाळी झाली की या बायका विहिरीच्या गोड्या पाण्यात शेतातली माती कालवून मला जाड लेप देत. वाळताना माती भिंतीतलं मीठ ओढून घेई. मग लेप खरवडायचा, पुन्हा द्यायचा. वर्षभर अंग हलकं राही.

पुढे मचवे थांबले, आणि लेपही.

जुनी वास्तू म्हणून मला जपायचं ठरलं तेव्हा मी हरखले. कंत्राटदाराने गुळगुळीत सिमेंट चढवलं. आत मीठ कोंडलं. गिलावा दोनदा पडला, दुसऱ्यांदा विटांचे टवके घेऊन. पाहणीचे साहेब म्हणाले, "मार्चपर्यंत भिंत सुधारली नाही तर पाडावी लागेल."

काम बघणारी मृणाल, डोंबिवलीची आर्किटेक्ट, उंबऱ्यावर बसून राहिली. सुकट वाळत घालायला आलेली मालू, आता म्हातारी मालूबाई, तिच्यापाशी थांबली.

"सिमेंट कोनी फासलं गो हिला? जीव घुसमटंल नाय तं काय?"

"मग काय लावू, मावशी?"

"माती. नि जरा दम धर. तुमा शिकलेल्यांना तोच नसतो."

सिमेंट उतरलं. पहिला लेप वाळला. मालूबाईने खरवडलेला तुकडा जिभेवर ठेवला, थुंकली. "अजून खारट."

"मी लॅबला पाठवते ना."

"पाठव. त्यांचा कागद येईतो माझा दुसरा लेप वाळंल."

दुसराही खारट निघाला. तिसराही.

काल चौथा खरवडला. फेब्रुवारी सरत आलाय. मालूबाईने तुकडा मृणालपुढे धरला. "माझ्या जिभेला आता सगळं सारखंच लागतं. तू सांग."

मृणालने चाखला. "नुसती माती लागतेय, मावशी."

"मंग चुना मळायला घे."

आज माझ्या अंगावर ओला चुना आहे; सिमेंटसारखा तो कोंडत नाही. थोडं रिकामंही वाटतंय. पण खोलवर अजून मीठ आहे, ते हळूहळू वर येईल. म्हणून एवढंच मागते: दिवाळीनंतर कुणीतरी माती कालवून लेप द्या, आणि खरवडाल तेव्हा चाखून बघा.