आधी आत्या, मग सायकली

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. लांबट, बुटकी आणि मागून पेटीसारखी चौकोनी. माझा रंग हिरवा होता. आता ऊन, चिखल आणि धुणाऱ्यांचा आळस मिळून जो काही झाला आहे, त्याला नाव नाही. मला देखणी असं कुणी म्हटलं नाही आणि मीही कुणाच्या म्हणण्याची वाट बघत बसले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, ठिणग्या उडवत जोडला आणि रंगाच्या हौदात बुडवून काढला. सगळ्याच गाड्यांचं असं होतं, त्यात कौतुक काही नाही. एक मात्र सांगते. ज्याने कुणी माझा नकाशा काढला, त्याने माझ्या डिकीचा उंबरा खुर्चीच्या उंचीवर ठेवला. आत दप्तर टाकणाऱ्यालाही फार वाकावं लागत नाही आणि पोतं ठेवणाऱ्यालाही फार उचलावं लागत नाही. बाकी अंगात विशेष काही नसेल, पण त्या उंबऱ्याने माझं नशीब उघडलं.

दुकानात मला मागच्या कोपऱ्यात, पाणी प्यायच्या यंत्राशेजारी उभं केलं होतं. पुढे काचेजवळ एक लाल गाडी होती. उंच, रुंद, चाकं माझ्या दुप्पट. तिच्यासमोर लोक फोटो काढत. माझ्या टपावर विक्रेता चहाचा कप ठेवी. मी वर्षभर ते सहन केलं.

एका रविवारी सकाळी दुकानाच्या दारात टेम्पो येऊन थांबला आणि एका घराचं सामान उतरायला लागलं. दोन सायकली, तंबू, झोपायच्या पिशव्या, फुगवायची होडी, वल्ही, स्टोव्ह, दोराची भेंडोळी आणि घडीचं एक भलंमोठं लाकडी टेबल. सामानामागून माणसं उतरली. सायकली दुरुस्त करणारे बाबा, तलावावर वल्हवायला शिकवणारी आई, दहा वर्षांची मुलगी आणि सगळ्यात शेवटी, आईबाबांच्या आधाराने, काठी टेकत, बाबांची मोठी बहीण. तिला मुलगी आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणते.

आत्या शाळेत खेळ शिकवायची. डोंगर कसा चढायचा, पाण्यात कसं पडायचं, तंबूची खुंटी कुठे ठोकायची, हे सगळं ते घर तिच्याकडूनच शिकलं होतं. डोंगरावर कधी न पडलेली ही बाई घरात भिंत पुसताना शिडीवरून पडली आणि गुडघ्याचे तुकडे झाले. आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात चाला. घरी बसलात तर गुडघा असाच आखडून राहील." तलाव दूर, बस दोनदा बदलावी लागायची, आणि बसची पायरी आत्याला चढवेना. तीन महिने ती खिडकीत बसून होती. म्हणून हे लोक गाडी घ्यायला निघाले होते.

त्यांची एक रीत होती. कुठेही जायचं तर आधी घरासमोरच्या फरशीवर खडूने चौकोन आखायचा आणि त्यात सगळं सामान मांडून बघायचं. चौकोनात बसेल तेवढंच न्यायचं. लाल गाडीच्या माहितीपत्रकातली मापं घेऊन त्यांनी आठवडाभर आधीच चौकोन आखला होता, आणि सामान चोख बसलं होतं. आता ते खऱ्या गाडीत भरून बघायला आले होते.

"अहो, हे काय मांडलंय?" विक्रेता धावत आला. "इथे गिऱ्हाइकं येतात!"

"आम्ही कोण, पाहुणे?" आई म्हणाली आणि तिने तंबू उचलला.

पाऊण तास ते चौघं भरत होते. चौघं म्हणजे विक्रेता धरून, त्यालाही त्यांनी कामाला लावलं. आत्याला खुर्ची दिली होती. ती बसून बघत होती. शेवटी लाल गाडीचं मागचं दार बंद झालं, बाबांनी टाळी वाजवली, मुलीने उडी मारली आणि विक्रेत्याने कागद काढला.

तेव्हा आत्या उठली. लाल गाडीचं बाजूचं दार तिने उघडलं. आत सायकल आडवी पडली होती.

"छान," आत्या म्हणाली. "मला टपावर बांधा. दोर आणलाच आहे."

बाबांनी माहितीपत्रक काढून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ती मापं मागची सीट पाडून घेतलेली होती, आणि दुकानातल्या गाडीचीही सीट पाडलेलीच होती. चौकोन बरोबर आखला होता, सामान बरोबर मांडलं होतं, फक्त माणसांची जागा सामानाला दिली होती. मुलीने तर झोपायच्या पिशव्यांवर लोळत जायचं मनात ठरवूनच टाकलं होतं.

"ताई, अगं, लक्षातच आलं नाही," बाबा म्हणाले.

"कसं येईल? तीन महिने तिघंच जाताय. तिघांची सवय झाली तुम्हाला." आत्या रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं बाबांचं तोंड झालं होतं.

त्यांनी घाईघाईने सामान काढलं, सीट उभी केली. आत्याने पाय उचलला. लाल गाडीची पायरी तिच्या मांडीपर्यंत येत होती. पाय अर्ध्यावरच थांबला. आई आधार द्यायला पुढे आली, तर आत्या म्हणाली, "राहू दे. मला चढवायला रोज दोन माणसं लागणार असतील तर मी घरीच बरी."

हे ती सहज बोलली नाही, मित्रांनो. त्या दिवशी ती घरी परतली असती, तर पुन्हा निघाली नसती. हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

ती बसायला जागा शोधत कोपऱ्यात आली. माझी डिकी उघडीच होती, विक्रेत्याचे खोके ठेवायला. ती उंबऱ्यावर टेकली. काठी बाजूला ठेवली. हात मागे टेकले. मग बसल्या बसल्या इकडे तिकडे बघितलं आणि तिने माझ्या अंगावर दोन थापा मारल्या.

"ही कुणाची?"

"ती साधी आहे हो," विक्रेता म्हणाला. "तुम्ही डोंगरात जाणारी माणसं, तुम्हाला दणकट पाहिजे."

"दणकट मी आहे. मला बसायला पाहिजे."

मग ती माझ्या बाजूच्या दाराशी गेली. चढायचं नव्हतंच. आधी टेकायचं, मग वळून एकेक पाय आत घ्यायचा. दुखरा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि दार स्वतः ओढून घेतलं. "हं," आतून आवाज आला, "आता भरा."

आता भरणं उलटं सुरू झालं. आधी आत्या, तिच्याशेजारी मुलगी, मग बाकीचं. सायकली टपावर गेल्या. तंबू, होडी, पिशव्या मागे बसल्या. लाकडी टेबल काही केल्या बसेना. ते बाबांनी स्वतः बनवलं होतं, त्यामुळे त्यांनी ते चार वेळा फिरवून पाहिलं.

"टेबल राहू द्या," आई म्हणाली. "जेवण मांडीवर घेता येतं."

बाबांना तरीही लाल गाडीचं वाईट वाटत होतं. पुरुषाची जात, चाकांकडे बघत राहिले. पण विक्रेत्याने चालवून बघा म्हटलं आणि ते मला टेकडीच्या वळणांच्या रस्त्यावर घेऊन गेले. मी बुटकी, जमिनीला धरून वळते. तिसऱ्या वळणाला त्यांच्या तोंडून "अरे वा!" निघालं आणि चौथं वळण त्यांनी मुद्दाम पुन्हा घेतलं. उपयोगी गाडी रडकीच असली पाहिजे, असं कुणी सांगितलं?

पुढची बारा वर्षं मी राबले. पहिल्या दिवशी आत्या तलावात सहा पावलं चालली. मुलगी काठावरून मोठ्याने मोजत होती. पुढच्या रविवारी अकरा. पाण्यातून येऊन ती माझ्या उंबऱ्यावर बसे, ओले पाय पुसे आणि सगळ्यांना हुकूम सोडी. उघडलेलं डिकीचं दार तिच्या डोक्यावर छपरासारखं असे. त्या उंबऱ्यावर भाज्या चिरल्या गेल्या, सायकलींचे पंक्चर काढले गेले, मुलीचा गणिताचा अभ्यासही झाला. दुसऱ्या वर्षी आत्या काठी गाडीत ठेवून उतरली. मोजणं केव्हाच थांबलं होतं.

माझी फजितीही झाली, लपवत नाही. एकदा चिखलात रुतले. बाबा म्हणाले, "लाल घेतली असती तर..." आत्याने पायाखालच्या रबरी मॅट काढून माझ्या चाकांखाली टाकल्या. "चाकं फिरव, तोंड नको," ती म्हणाली आणि मी निघाले.

पण कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. ओली होडी तशीच आठवडाभर माझ्यात पडू लागली. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साठली. पाणी जायची भोकं बुजली आणि पाणी माझ्या पत्र्यात मुरलं. चाकांतली हवा कुणी बघेना. मुलगी मोठी झाली, स्वतः मला चालवू लागली, पण धुवायची वेळ आली की तिला परीक्षा असे. एके दिवशी आत्या उंबऱ्यावर टेकली आणि खालून करकर आवाज आला. पत्रा कुजला होता.

पत्र्याचं काम करणारा मिस्त्री आला. त्याने पेचकस लावला तो आरपार गेला. "हिच्यात आता काय ठेवलंय? भंगारात द्या," तो म्हणाला. "केलं तरी किती वर्षं चालेल?"

बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी आत्या बोलली. "माझ्या गुडघ्यात सळई घातली तेव्हा डॉक्टरला कुणी विचारलं होतं का, ही किती वर्षं चालेल?"

मिस्त्रीने पेचकस खिशात ठेवला आणि टॉर्च काढून इंजिन बघितलं, खाली झोपून बाकीचा सांगाडा बघितला. "बाकी ठणठणीत आहे," तो जरा नाराजीनेच म्हणाला. कुजलेला पत्रा कापून त्याने तिथे जाड पोलादी पट्टी जोडली. दोन दिवस लागले. जोड दिसतो, आणि मी तो झाकतही नाही.

आता मुलगी कामाला लागली आहे आणि तिला स्वतःची गाडी घ्यायची आहे. परवा तिने घरासमोरच्या फरशीवर खडूने चौकोन आखला. मी बघत होते. सायकल आणायच्या आधी, तंबू आणायच्या आधी, ती घरातून एक खुर्ची घेऊन आली आणि चौकोनात ठेवली. मग आत्याला हाक मारली, "आत्या, ये, बसून बघ."

आत्याने माझ्या उंबऱ्यावरून उठायला जरा वेळ घेतला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. जाळीतली पानं काढत जा, ओलं सामान आत कुजत ठेवू नका, चाकांत हवा बघा. आणि गाडी निवडायची वेळ आली, की चौकोनात पहिली खुर्ची ठेवा. सामानाचं काय, ते मांडीवर घेता येतं.