वेल सोडेल तेव्हा न्या

मी एक जुना लोखंडी पलंग आहे. पलंग, मित्रांनो, भंगार नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघितलं की लोकांची जीभ पहिली तिकडेच वळते. रंग उडालाय, एक चाक गेलंय, उशाची बाजू वर करायचा दांडा जाम झालाय, सगळं कबूल. पण मी उभा आहे. तोही डोक्यावर! माझ्या वयाला तुमच्यापैकी किती जण असे उभे राहतील, सांगा बरं.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि पांढरा रंग फासून दवाखान्यात धाडलं. तापाने फणफणलेले माझ्यावर झोपले, पाय मोडलेले झोपले, आणि नुसती रजा हवी म्हणून कण्हणारेसुद्धा झोपले. मी एकालाही खाली पडू दिलं नाही. आमच्या वॉर्डची सिस्टर नव्या मुलींना सांगायची, "अवघड पेशंट या पलंगावर घ्या गं. हा कुरकुरतो, पण दगा देत नाही."

मग बटण दाबलं की वरखाली होणारे पलंग आले. झालं! गरज सरो, वैद्य मरो. मला पाण्याच्या टाकीमागे टाकून दिलं. सिस्टर निवृत्त झाली तेव्हा तिला सगळे मिळून घड्याळ देणार होते. ती म्हणाली, "घड्याळ बघण्यातच जन्म गेला माझा. त्यापेक्षा तो पलंग द्या." लोक हसले. हसू देत. मी टेम्पोत बसून तिच्या घरी आलो.

तिच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा होता. तिथे तिने माझी उशाकडची बाजू मातीत पुरली, पाय आभाळाकडे केले, कडेला बांबू ठोकून मला आवळून बांधलं आणि बुडाशी खरबुजाच्या बिया टोचल्या. मला भयंकर राग आला होता. आयुष्यभर माणसं सांभाळली आणि म्हातारपणी हे शीर्षासन? पण वेल वर आला. त्याने आपला हिरवा बारीक तणावा पुढे केला आणि माझ्या पट्टीभोवती स्प्रिंगसारखा गुंडाळला. खरं सांगतो, इतके लोक माझ्यावर पडले, पण मला असं घट्ट कुणी धरलं नव्हतं. माझा राग तिथेच संपला.

सिस्टर सकाळी लवकर यायची. मागे वाटाण्याएवढी गाठ असलेलं फूल ते मादीचं. नराचं फूल तोडून, त्याच्या पाकळ्या सोलून ती त्या फुलाला हळूच टेकवायची. "मधमाश्यांचा भरवसा नाही बाई, त्या ड्युटीवर कधी येतील कोण जाणे," असं पुटपुटायची. फळ जड झालं की मोडलेला हात गळ्यात बांधतात तसं बँडेजच्या कापडाने ते माझ्या पट्टीला बांधायची. माझा वॉर्ड पुन्हा भरला होता.

तिच्या मुलाला मात्र धीर नाही. एकदा त्याने एक खरबूज ओढून काढलं. आत पांढरं आणि बेचव! सिस्टर म्हणाली, "अरे, ओढायचं नसतं. पिकलं की ते आपणहून देठ सोडतं. सोडेल तेव्हा घ्यायचं."

याच मुलाने गाडी घेतली आणि ती सावलीत लावायला त्याला माझी जागा हवीशी झाली. "आई, ते भंगार काढून फरशी घालू या," म्हणाला आणि भंगारवाल्याला घेऊनच आला. भंगारवाला बोटांनी मला टकटक वाजवून म्हणाला, "लोखंड चांगलंय बाई. उचलू?"

सिस्टरने शांतपणे वेलाकडे बोट केलं. "वेल सोडेल तेव्हा न्या. माझा शब्द आहे. आता आलाच आहात तर फोड खाऊन जा."

तो उलट्या बादलीवर बसला आणि फोड खाऊन बिया थू थू करत माझ्या बुडाशी थुंकत राहिला. अस्सा संताप आला मला! न्यायला येतो, वर फुकटचं खातो आणि घाण माझ्या अंगावर? पण सिस्टर गालात हसत होती. तिची युक्ती मला नंतर कळली. खरबूज उतरायच्या आत तिने दोडका लावला, दोडका उतरायच्या आत काकडी. भंगारवाला दर वेळी यायचा आणि दर वेळी कुणीतरी मला धरलेलं असायचंच. शब्द पाळला आणि मुलाच्या नाकावर टिच्चून मलाही ठेवलं. आहे की नाही बाई!

यंदा खरबूज संपता संपता भंगारवाला येऊन नेहमीसारखा खाऊन, थुंकून गेला. पुढच्याच आठवड्यात सिस्टर न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दोडक्याच्या बिया वाटीतच राहिल्या. वेल वाळला आणि त्याचे तणावे माझ्यावरून गळून पडले. मी उघडा पडलो. खिडकीपलीकडे ती कण्हायची तेव्हा वाटायचं, आत जाऊन तिला अंगावर घ्यावं. ते माझंच काम होतं ना! आणि मी इथे डोकं पुरून उभा.

मुलाने गाडी माझ्या शेजारीच लावायला सुरुवात केली. रोज ती धुवायचा आणि ते पाणी माझ्या बुडाशी मुरायचं. शेवटी त्याने भंगारवाल्याला बोलावलं. आत सिस्टरला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वेल सुटला असेल तर ने."

दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं. भंगारवाला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"साहेब, थांबा. खाली धरलंय याला."

मातीतून खरबुजाचे कोवळे वेल वर आले होते. त्यातल्या एकाचा तणावा माझ्या सर्वांत खालच्या पट्टीला गुंडाळलेला होता.

"हे कुणी लावलं?" मुलाने विचारलं.

भंगारवाल्याने ओशाळून तोंड पुसलं. "मीच थुंकलो होतो, साहेब. पाणी तुमच्या गाडीचं."

आतून सिस्टरचा आवाज आला, "काय रे, नेला का?"

मुलाने माझ्यावरचा हात काढला. "नाही, आई," तो म्हणाला. "अजून सोडलेलं नाही."

आता मुलगा सकाळी फुलं शोधतो आणि सिस्टर खिडकीतून ओरडते, "ते नाही रे, गाठवालं! गाठवालं!" एकेक फळ धरू लागलंय. बँडेज तयार आहे.

तेव्हा मित्रांनो, घरातलं जुनं काही बाहेर काढायचं असेल तर खुशाल काढा. मात्र त्याआधी एकदा खाली वाकून बघा, त्याला कुणी धरलंय का. आणि माझ्याकडे पुन्हा वाकड्या नजरेने बघायचं नाही. माझ्या अंगाखांद्यावर पेशंट आहेत.