उताऱ्यावरचे उंदीर

चाकणच्या पुढे आमचं यार्ड आहे. कारखान्यात तयार झालेले छोटे टेम्पो गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंत तिथे ओळीने उभे असतात आणि ते इकडचे तिकडे लावणं हे आम्हा ड्रायव्हरांचं काम. रोज नवी कोरी गाडी चालवायची, पण कुंपणाबाहेर न्यायची नाही, अशी ही नोकरी.

जमीन मूळची भिमाजी आबांची. त्यांनी ती भाड्याने दिली आणि स्वतःही इथेच ड्रायव्हर म्हणून लागले. जिथे बाजरी काढली तिथे आता ते टेम्पो मागे घेतात. जमिनीवर मुरूम ओतलाय, वरून तणनाशक मारतात. गवताची काडी उगवत नाही. मॅनेजर सुजित साहेबांना स्वच्छ लागतं.

आणि अशा या स्वच्छ यार्डात उंदीर माजले. बॉनेटमध्ये घरं करायचे, वायरी कुरतडायचे. गाडी न्यायला ट्रेलर यायचा आणि गाडी चालूच व्हायची नाही. यार्डचा इन्चार्ज ज्योतीराम. बीडकडचा माणूस, कंत्राटावरचा. त्याच्या आधीच्या इन्चार्जला याच उंदरांपायी घरी बसवलं होतं. साहेबांनी ज्योतीरामलाही सगळ्यांसमोर बजावलं, "दिवाळीपर्यंत उंदीर गेले पाहिजेत, नाहीतर तू जाशील." भोसरीत भाड्याची खोली, थोरल्या मुलीची बारावी. नोकरी जाणं म्हणजे काय, ते ज्योतीरामला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माणूस भला, पण भित्रा. औषध टाकून झालं, पिंजरे लावून झाले. मग त्याला कुणीतरी सांगितलं की यार्डाला दृष्ट लागलीय, दहीभाताचा उतारा टाक. त्याने अमावस्येला टाकला. उंदीर वाढले. मग दर शनिवारी टाकायला लागला. आणखी वाढले. शेवटी रोज सकाळी प्रत्येक ओळीतल्या पहिल्या टेम्पोवरून ओवाळून भाताचा एक मुटका खाली ठेवायचा, वर हळदकुंकू. आम्हाला दिसत होतं. पण उताऱ्याला कुणी हात लावत नाही, तो ओलांडत नाही आणि त्याबद्दल बोलतही नाही. शिकलेला असो वा अडाणी, या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी.

उंदीर माजायच्या आधी आमच्याकडे एक धामण होती. लांबलचक, पिवळसर, कुंपणाच्या कडेने आपल्या वाटेने जायची. साहेबांनी एकदा ती पाहिली आणि गाडीतून उतरलेच नाहीत. सर्पमित्राला बोलावून ती डोंगराकडे सोडायला लावली. भिमाजी आबा तेव्हा म्हणाले होते, "आरं, ती राखण हाय. तिला नका धाडू." पण जमीन भाड्याने दिल्यावर आबांचं कोण ऐकतंय?

दसऱ्याच्या सुमारास पेस्ट कंट्रोलवाल्या कंपनीने मिनल नावाची मुलगी पाठवली. दापोडीची, प्राणिशास्त्र शिकलेली. आम्हाला वाटलं, ही आता पुड्या टाकून निघून जाणार. तिने पुडी काढलीच नाही. मला म्हणाली, "गणराजदादा, मला सगळं यार्ड दाखवा." मी टेम्पो काढला. शेजारी ती, मागे हौद्यात ज्योतीराम आणि आबा.

"वायर खाऊन उंदराचं पोट भरत नाही," ती म्हणाली. "दात झिजवायला कुरतडतो तो. मग पोट कशावर भरतंय?"

मी म्हटलं, "असेल कायतरी."

"कायतरी नाही चालत. ऊन गवतात उतरतं. गवत, दाणा उंदीर खातो, उंदराला धामण. आणि दर पायरीला खाल्लेल्यातलं बहुतेक नुसतं जगण्यातच जळून जातं. दहातला एखादा हिस्सा पुढच्याच्या वाट्याला येतो. म्हणून धामण एखादी असते आणि उंदीर ढीगभर. आता एवढे उंदीर आहेत म्हणजे त्यांच्याखाली किती खाणं पाहिजे, विचार करा. आणि इथे तर काडी नाही."

"आमच्या बाजरीच्या येळंला बी इतकं नव्हतं," आबा मागून म्हणाले.

तिने गाडी थांबवायला लावली, उतरून वाकली आणि ओळीतल्या पहिल्या टेम्पोखालचा मुटका सरळ हाताने उचलला. मी दचकलो. ज्योतीराम तर ओरडलाच, "मॅडम, हात नका लावू! उतारा हाय तो!"

"आमच्या घरात मानत नाहीत," ती शांतपणे म्हणाली. मुटक्याची एक बाजू कुरतडलेली होती. तिने ती ज्योतीरामला दाखवली. ज्योतीराम खाली बघत उभा राहिला. ज्या उंदरांपायी नोकरी जाणार होती, त्यांना तो रोज स्वतःच्या ताटातला भात आणून घालत होता. मला त्याची कीव आली. त्याहून जास्त हसू आलं, ते मी दाबलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "साहेबाला सांगू नका. लेकरं हायेत मला."

"कारण तर सांगावंच लागेल. तुमचं नाव मी घेणार नाही."

परत येताना गेटजवळ, साहेबांची गाडी लागते तिथे भिंतीच्या आडोशाला तिला आणखी एक मुटका दिसला. हा केळीच्या पानावर होता, चांगला वाटीभर. आबांनी तो नाकाशी नेला.

"ह्यो जोतिरामचा न्हाई," ते म्हणाले. "त्याचा रेशनचा जाडा भात. ह्यो आंबेमोहोर हाय."

आमच्यात आंबेमोहोर खाणारं कोण होतं? मी गाडीकडे वळलो. ज्योतीराम इन्चार्ज व्हायच्या आधीपासून दर शनिवारी साहेब लवकर येतात आणि गाडीतून स्टीलचा डबा घेऊन भिंतीकडे जातात, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, कुत्र्यांना घालत असतील.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी किल्ल्या ठेवायला गेलो आणि बोर्डाशी मुद्दाम रेंगाळलो. ज्योतीराम दाराशी उभा. मिनलने दोन्ही मुटके कागदावर टेबलावर ठेवले. "सर, उंदरांचं खाणं हे आहे. हे बंद करा आणि कुंपणाच्या कडेला गवत राहू द्या, धामण येईल. विषाची गरज नाही."

साहेब केळीच्या पानाकडे बघत राहिले. एसी चालू असूनही त्यांनी कपाळ पुसलं. मग पेपरची घडी दोन्हीवर टाकली.

"हे ड्रायव्हर लोक," ते म्हणाले, "आत बसून डबे खातात. उष्टं टाकतात."

"उष्टं नाही सर, हा तर…"

"तेच म्हणतोय मी. ज्योतीराम, उद्यापासून डबे गेटबाहेर. आत एक दाणा दिसता कामा नये."

मिनलने ज्योतीरामकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. आता तोंड उघडायची पाळी त्याची होती. मी मनात म्हटलं, बोल राव, एकदा बोल.

"जी साहेब," ज्योतीराम म्हणाला.

मिनलने बॅग उचलली आणि ती गेली. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही पण?" मी किल्ल्या मोजत होतो. मलाही नोकरी होती.

तिचं ते दहातल्या एका हिश्श्याचं गणित मला पटलं होतं. पण ते खाण्याचं. दोषाचं गणित वेगळं आहे. तो वरून खाली येतो आणि वाटेत काहीही गळत नाही.

भात बंद झाला, दोन्ही प्रकारचा. दिवाळीच्या आधी उंदीर कमी होत गेले आणि मग दिसेनासे झाले. साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "पाहिलंत? तुमच्या उष्ट्याचंच होतं." ज्योतीरामच्या पाठीवर थाप मारली. त्याची नोकरी पक्की झाली. कुंपणाच्या कडेला गवत मात्र कुणी राहू दिलं नाही.

आता आम्ही जेवायला रस्त्याकडेला बसतो. पहिल्या दिवशी ज्योतीराम स्वतः गेटवर उभा राहून एकेकाला बाहेर काढत होता. आबा आले. त्यांच्या फडक्यात भाकरी होती.

"आबा, साहेबाचं सांगणं हाय."

"व्हय," आबा म्हणाले. "पण जोतिराम, आमी भाकरीचा तुकडा कधी टाकला न्हाई रं. ह्या रानात तर न्हाईच न्हाई."

आबांनी चपला झटकल्या आणि आपल्याच शेताबाहेर जाऊन ते उन्हात बसले.

पाणी भरून आणायला मी आत गेलो, तेव्हा ज्योतीराम इन्चार्जच्या केबिनमध्ये डबा उघडून बसला होता. भात तसाच. एक घासही गेला नव्हता. त्याने डबा उचलला, दारापर्यंत आला आणि सगळ्या यार्डावरून नजर फिरवली. भात टाकायला कुठेही जागा नव्हती. मग त्याने झाकण लावलं आणि तो डबा भरलेलाच घरी न्यायला पिशवीत ठेवला.