ताईच्या गाडीतला आवाज

माझा आवाज मोठा आणि डोकं लवकर तापतं, म्हणून गॅरेजमधली माणसं पाठीमागे मला भोंगा म्हणतात. त्यांना वाटतं मला हे माहीत नाही. असू दे. मला सांगायचंय ते माझ्या सासऱ्यांबद्दल. पण त्यात माझी जी शोभा झाली ती गाळून सांगता येत नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्या शनिवारी एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आली. तिची गाडी तीस वर्षांची. ताई टेकडीवरच्या शाळेत शिकवते, रोज एकटी वर जाते आणि एकटी खाली येते. तक्रार एवढीच, की पुढून डावीकडून 'टक्' असा आवाज येतो. पहिल्या वेळी मी दोन्ही शॉकअप बदलले. दुसऱ्या वेळी सगळी रबरी बुशं बदलली. दोन्ही वेळा तिच्या शेजारी बसून चक्कर मारली, आवाज येतो म्हणायची त्या टेकडीखालच्या तिच्या लाडक्या वळणावरूनसुद्धा. आवाज नाही म्हणजे नाही. ताई म्हणाली, "आत्ता नाही आला. तू उतरलास की येईल."

आता मला सांगा, असं कुणी म्हटलं तर माणसाचं डोकं फिरणार नाही का? गाडी काय मला घाबरते?

तेव्हाच माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. आमची आई शेवटची चार वर्षं म्हणायची, भिंतीत पाणी वाहतंय, ऐकू येत नाही का तुम्हाला? एकदा तर आम्ही भिंत फोडूनही बघितली. कोरडी ठणठणीत. पुढे आईला माणसं ओळखू येईनात, आणि ते सगळं ताईने एकटीने काढलं. हे माहीत असून मी तिला म्हणालो, "ताई, आईचंही असंच सुरू झालं होतं बरं का." जीभ चावली, पण उशीर झाला होता. ताईने किल्ली उचलली आणि गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. हातात शाळेची वही. पंधरा दिवस तिने आवाजाच्या नोंदी ठेवल्या होत्या, शुद्धलेखन तपासावं तशा, समास सोडून.

"ही शेवटची वेळ," ती म्हणाली. "आज काही सापडलं नाही तर गाडी विकून टाक. आणि सोमवारी मी डोक्याच्या डॉक्टरांकडे जातेय. वेळ घेतलीय."

"अगं, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. आवाज गाडीत नसेल तर तो माझ्यात आहे. तिसरी जागाच नाही. मला एकदाचं कळू दे."

मी पडलो भोंगा. घाबरलो की ओरडतो. वही न उघडता बाजूला ठेवली, गाडी लिफ्टवर चढवली आणि डोक्याएवढी वर घेतली. ही लिफ्ट दोन वर्षांपूर्वी बसवली, माझा जीव आहे तिच्यावर. चारी चाकं मोकळी लोंबायला लागली. डावं चाक वर-खाली धरून गदागदा हलवलं, मग आडवं धरून हलवलं. दगडासारखं घट्ट. पहार घालून बघितलं, बॅटरीच्या उजेडात रबरं बघितली. सगळं ठीक. ताईकडे वळलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, निकाल ऐकायला उभं राहावं तशी.

"गाडी खाली घ्या, जावईबापू!"

अख्ख्या गॅरेजने माना वळवल्या. हे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. बसच्या आगारात चौतीस वर्षं पुढच्या आसाचं काम केलं, आणि घण आणि इंजिनांच्या धडधडाटात दोन्ही कान घालवून बसले. आता त्यांना ढगफुटी झाली तरी ऐकू येत नाही, आणि म्हणून स्वतः बोलतात ते ढगफुटीसारखं. वर्षभरापूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. दिवसभर कॉम्प्रेसरशेजारच्या खुर्चीत बसतात, कारण त्या आवाजात दुसरं कुणी बसूच शकत नाही. मी त्यांना नटबोल्ट निवडायचं काम दिलं होतं. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांसमोर मला त्यांची लाज वाटायची.

त्यांच्या हातात ताईची वही होती. चष्मा नाकावर ओढून ते एकेक ओळ बोटाने वाचत होते.

मी हातानेच खूण केली, बसा मामा, बसा.

सुट्या भागांच्या खिडकीमागून माझी बायको बाहेर आली. तिने वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खाली घ्या म्हणतायत ना? मग घ्या की. लिफ्ट झिजणार आहे का तुमची?"

घेतली खाली. बायकोपुढे भोंगा वाजत नाही.

मामा आले. आधी त्यांनी डाव्या टायरवरून तळवा फिरवला, बाहेरून आत. मग आतून बाहेर. माझा हात धरून मलाही तसंच करायला लावलं. एकीकडून गुळगुळीत, उलटीकडून हाताला बारीक दाते लागले. पाच वेळा मी त्या टायरकडे बघितलं होतं आणि एकदाही हात लावला नव्हता. "चाक जागेवर राहत नाहीये," मामा गरजले. "चालताना तिरकं होतंय, परत सरळ होतंय."

मग ताईच्या वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. "'भाऊ शेजारी बसला की येत नाही. एकटी असले की येतो.' जावईबापू, वजन किती तुमचं?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मी आधी एक बोट वर केलं, मग मुठीने शून्य दाखवलं आणि मग पाच बोटं, म्हणजे एकशेपाच. मान्य करायला काही सेकंद लागले.

"एकशेपाच किलोचा माणूस डाव्या चाकावर बसवलात, तर ते बिचारं हलणार कसं? आवाज तुम्हीच दाबून ठेवलात!"

मी ताईकडे बघितलं नाही. बघवेना.

मामांनी चपला काढल्या. काटकुळा माणूस, पन्नास किलोही भरणार नाही. डाव्या सीटवर बसले, पायाखालचं रबरी पायपुसणं गुंडाळून मागे टाकलं आणि अनवाणी तळवे थेट पत्र्यावर टेकवले. एक हात दाराच्या चौकटीवर. ताईला म्हणाले, "चला बाई. तुमच्या वळणावर."

मी मागच्या सीटवर उजव्या कोपऱ्यात अंग चोरून बसलो. गाडी टेकडीखालच्या वळणाला आली. मामांनी डोळे मिटले होते. वळणावर डाव्या बाजूला खड्डा आहे, ताईने ब्रेक दाबून सोडला, चाक खड्ड्यात गेलं.

टक्.

मी ऐकला. देवाशपथ, स्वच्छ ऐकला. ताईचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. आरशात तिचे डोळे मला शोधत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी, ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, डावा पाय उचलून बोटाने पत्र्यावरची एक जागा दाखवली.

"इथं. खालून आला. वरून नाही. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. खालचा बॉल जॉइंट."

मी चाळीस हजार आवाज ऐकले असतील, पण असा हा माणूस, तळपायाने ऐकणारा, मी पहिल्यांदा बघत होतो. आणि हा वर्षभर माझ्या गॅरेजमध्ये नटबोल्ट निवडत होता.

तरी माझी खुमखुमी गेली नव्हती. परत आल्यावर वहीच्या मागच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बॉल जॉइंट मी दोनदा हलवून बघितला. घट्ट आहे.' बॉल जॉइंट म्हणजे काय, तर वाटीत बसवलेला गोळा, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा. त्याच्यावर चाक वळतं आणि वर-खालीही होतं. तो झिजला की चाक हलतं. हलत नव्हतं, तर झिजला कसा?

मामांनी वाचलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. तो तरीही पलीकडच्या गल्लीत गेला असेल.

"लिफ्टवर बघितलात ना? या जुन्या गाडीत स्प्रिंग चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर बसते. चाक लोंबतं सोडलं की स्प्रिंग आर्मला खाली रेटते आणि गोळा वाटीत आवळून धरते. हाताने काय, बैल लावलेत तरी हलणार नाही. जॅक आर्मखाली लावा. स्प्रिंगचा भार जॅकने घेऊ दे. मग चाकाला विचारा."

हे मला ठाऊक होतं. हेच सगळ्यात जास्त लागलं. मी काम शिकलो तेव्हा हे पहिल्या महिन्यात शिकलो होतो. पण नव्या गाड्यांची बांधणी वेगळी, त्यांना लिफ्टवर लोंबतं चाक हलवलं की पुरतं. दोन वर्षांत मी जॅकला हात लावला नव्हता आणि हात विसरून गेला.

जॅक कोपऱ्यातून मीच ओढत आणला. दुसऱ्या कुणाला आणू दिला नाही. आर्मखाली लावला, टायर जमिनीपासून चार बोटं उचललं. मामांनी टायरखाली पहार सरकवली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. स्वतः गुडघ्यावर बसून त्यांनी सांध्यावर अंगठा ठेवला.

मी पहार अगदी हलकेच उचलली.

चाक उडालं. चांगलं बोटभर वर आलं आणि खाली बसलं. टक्. पुन्हा उचललं. टक्. भर दुपारी, बंद गाडीतून, सगळ्यांसमोर.

कॉम्प्रेसर कुणीतरी बंद केला होता. मामा अंगठा तसाच ठेवून वर बघत हसत होते, आणि मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. ज्याला ऐकू येत नाही त्याने ऐकलं, आणि धडधाकट कानांचा मी दोनदा खात्रीने नाही म्हणालो होतो. मला लाज वाटत होती, पण नुसती लाज नव्हती. एखादं काम एवढं येऊ शकतं माणसाला, हेच मी विसरलो होतो.

सांधा सोडवला तेव्हा कळलं की गोष्ट किती थराला गेली होती. रबरी टोपी वरून धड होती, आत मात्र वंगण सुकून गंजाचा भुगा झालेला. दोनदा हातोडी मारली आणि गोळा वाटीतून आपसूक निघून माझ्या हातात आला. असा तो रस्त्यात निघाला असता तर चाक गाडीखाली मुडपलं असतं. टेकडीच्या उतारावर. ताई एकटी.

मी उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, मी चुकलो. दोनदा चुकलो. आणि आईचं नाव घेतलं ते तर..."

"राहू दे," ताई म्हणाली. पण तिचा चेहरा अजून सुटला नव्हता. "नवीन बसव. मग मी एकटी जाऊन बघते."

तेव्हा मला तिची भीती कळली. आवाज गाडीत होता, एवढं ठरलं होतं. पण दुरुस्तीनंतरही तिला तो ऐकू आला तर?

बायकोने नवा सांधा आणून दिला. मामांनी मला बसवू दिला, प्रत्येक बोल्ट मात्र स्वतः हात लावून तपासला. चाकांची दिशा जुळवली. ताई बसली, दार लावलं, गाडी फाटकातून बाहेर गेली.

त्या वळणाला जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. दहा झाली. वीस झाली. मी फाटकात येरझाऱ्या घालत होतो, बायको म्हणाली, "भोवळ येईल अशाने." मामा माझ्या शेजारी उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले. चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी दुसऱ्या गाडीची किल्ली उचलली.

आणि तिची गाडी वळली. हळू आली, फाटकात थांबली. ताईचे डोळे लाल होते.

"आला का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, एवढा लहान होता.

ताईने काच पूर्ण खाली घेतली. "नाही."

"मग एवढा वेळ?" आता मात्र मी ओरडलो. "इथे जीव गेला आमचा!"

"सात वेळा गेले रे त्या खड्ड्यातून," ती म्हणाली. रडत होती आणि हसत होती. "पहिल्या वेळी नाही आला, विश्वास बसला नाही. दुसऱ्या वेळी बसला."

"आणि पुढचे पाच?"

"पुढचे पाच मौज म्हणून."