शिरोड्याच्या निखाऱ्यावरचा उजवा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा. मित्रांनो, हे मुद्दाम सांगतो, कारण माझा डावा जोडीदार अजून नव्यासारखा दिसतो आणि लोक कौतुक त्याचं करतात. अहो, कष्ट कुणाचे? माझा तळवा काळा पडला आहे आणि अंगठ्याशी एक टाका उसवला आहे. शिरोड्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात सत्यवतीची खाण्याची टपरी आहे. तिच्या खांबाला एक खिळा आहे, त्यावर मी टांगलेला असतो. इथून समुद्र दिसतो म्हणून लोक फोटो काढतात. मला समुद्राचं फारसं काही नाही.

माझा जन्म यंत्रावर झाला. चटकन पेट न घेणाऱ्या पिवळ्या धाग्याची जाड वीण, आत सुती अस्तर आणि पकडीसाठी तळव्यावर रबरी रेघा. पाकिटावर एक दाढीवाला गोरा माणूस माझ्यासारखा मोजा घालून मांसाचा भलामोठा तुकडा उचलत हसत होता. त्या हसऱ्या माणसासकट आम्ही सावंतवाडीच्या एका दुकानात कित्येक महिने धूळ खात पडलो होतो. शेजारी फुलाफुलांचा एक आखूड मोजा होता, त्याला बोटंच नव्हती, नुसता अंगठा. पलीकडे वेल्डिंगवाल्यांचा चामड्याचा, लाकडासारखा ताठ. आणि एक निळा, सिलिकॉनचा, गुळगुळीत, स्वतःवर फार खूश. त्याच्याशी माझं तेव्हाही जमलं नाही.

आम्हाला तिथून बाहेर कुणी काढलं, ते कळायला आधी सत्यवती कळली पाहिजे.

सत्यवती मासे विकणाऱ्या घरातली. मुलगा निलेश होडीवर जातो. ती आणि तिची सून अपेक्षा मिळून टपरी चालवतात. हळदीच्या पानांत गुंडाळलेली अख्खी कोंबडी करवंट्यांच्या निखाऱ्यावर भाजायची आणि गिऱ्हाइकासमोर हातांनी सोडवून द्यायची, ही तिची खासियत. करवंटीचा निखारा लाकडापेक्षा कडक. ही बाई जाळी उघड्या हाताने उचलायची, वाफाळती कोंबडी उघड्या हाताने फाडायची. कुणी विचारलंच, तर म्हणायची, "इस्तवाक माजे हात ठावक आसत." विस्तव तिच्या हातांना ओळखतो म्हणे! विस्तव कुणाला ओळखत नाही, मित्रांनो. मला विचारा.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण टपरीवर इतक्यांदा ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं आहे. सत्यवतीची नात दिव्या तेव्हा चार वर्षांची होती आणि आजीच्याच हातून जेवायची. किनाऱ्यावरच्या घरांत पोरांना मासा भरवायची रीत अशी: भातात मासा कुस्करायचा, घास अंगठा आणि दोन बोटांत फिरवायचा, काटा लागला की काढून टाकायचा. बघून नाही, चाचपून. एका दुपारी पेडवा या बारीक काट्यांच्या माशाचा काटा घासात राहिला आणि पोरीच्या घशात अडकला. दवाखान्यात डॉक्टरांनी तो चिमट्याने काढला. घरी येईपर्यंत दिव्या हसायलाही लागली. सत्यवती मात्र ओट्यावर बसून आपली बोटं बघत राहिली.

"माजी बोटां मेली गो," ती अपेक्षाला म्हणाली. "काटो हाताक लागलोच नाय माका."

डॉक्टर म्हणाले, भाजून भाजून बोटांची टोकं बधिर झाली आहेत. चटके थांबवा, कदाचित जाणीव परत येईल. कदाचित, एवढंच. त्या दिवसापासून सत्यवतीने नातीला भरवणं सोडलं. ताट घेऊन दिव्या समोर उभी राहायची, "आजये, तू भरव." आजी दुसरीकडे बघून म्हणायची, "आईकडे जा, बाय." घरात सगळ्यांना त्याचं वाईट वाटायचं.

मग अपेक्षा दुकानात आली. तिने फुलाफुलांचा मोजा हातात घेतला आणि ठेवून दिला. बोटं नाहीत तर कोंबडी सोडवणार कशी? चामड्याच्या मोज्याची मूठच मिटेना. निळ्याला हात लावला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, तो निसरडा. हा पिवळा घ्या, कितीही गरम चालतं." तिने मला घालून पाहिलं. बोटं सुटी, मनगटाच्या वरपर्यंत येणारा, आत हात मोकळा. झालं, मी निघालो. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, 'कोरडाच वापरा'. ते दुकानदाराने वाचलं नाही, अपेक्षानेही नाही. दाढीवाल्याकडे सगळे बघतात, पाठ कोण वाचतं?

पहिल्या दिवशी सत्यवतीने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि थेट पाण्याच्या बादलीत बुडवलं.

तिचं काय चुकलं? चुलीवरचा टोप उतरवायचा तर फडकं आधी ओलं करायचं, नाहीतर पेट घेतं. हे तिला आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. मी कोरड्या कामासाठी विणलेला, हे तिला कुणी सांगायचं? ओलाचिंब मी तिच्या हातात चढलो, तिने जाळी धरली. पाण्याची वाफ झाली आणि माझ्या आतच कोंडली. उघड्या हातानेही इतकं भाजलं नसतं. "आये गे!" करून तिने मला जो भिरकावला, तो मी वाळूत पडलो.

तळहातावर फोड आले. "हो हातमोजो न्हय, वैरी आसा!" ती रडत म्हणाली. ती भाजल्याने रडत नव्हती. उरलीसुरली बोटंही आता गेली, असं तिला वाटलं होतं. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. एरवी मी अशा भानगडीत पडत नाही.

मग माझे हाल सुरू झाले. जोडीदाराला कांद्याच्या टोपलीत टाकलं, मला टपरीच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. गिऱ्हाईक टेबलावर कोपर टेकायचं आणि भार माझ्यावर यायचा. सत्यवतीच्या हाताला पट्टी होती, त्यामुळे निखाऱ्यापाशी अपेक्षा उभी राहू लागली. उघड्या हाताने जाळी धरणं तिला काही जमेना. एकदा चटका बसला तशी तिने वाकून मला ओढून काढलं, वाळू झटकली आणि घातलं. मी उन्हात सुकून कडकडीत झालो होतो. तिने जाळी धरली, उचलली, खाली ठेवली. हाताला काही नाही.

"आई, ह्यो सुकोच वापरूचो!" ती ओरडली. "ओल्याची वाफ होता!"

"माका नको तो," सत्यवती म्हणाली.

"तुका नको, तर दिव्याक कोण भरवतला? मी सारखी बिनकाट्याची कोळंबीच घालू तिका?"

पट्टी सुटल्यावर सत्यवतीने मला स्वतःच खिळ्यावरून काढलं, कोरडा आहे ना ते गालाला लावून पाहिलं आणि घातलं. कोंबडी सोडवताना रस विणीत मुरून पुन्हा चटका बसू लागला, तेव्हा अपेक्षा सावंतवाडीला गेली आणि काय आणलं? तो निळा! मांस तो सोडवतो, जाळी आणि निखारे मी बघतो. तो पाण्याने धुतला जातो, याचा त्याला फार गर्व आहे. असो. भाजल्या मांसाला तोच लागतो, हे मला मान्य करावं लागतं.

पावसाळ्यात टपरी बंद राहिली. बोटांना विसावा मिळाला, सत्यवती त्यांना रोज खोबरेल चोळत होती. पाऊस सरल्यावर टपरी पुन्हा उभी राहिली. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दिव्या ताट घेऊन आजीसमोर आली. ताटात भात आणि पेडवे. या वेळी तिने ताट नुसतं पुढे केलं.

सत्यवतीने मला काढून खिळ्यावर टांगलं. हात धुतले, भात कुस्करला, घास बोटांत फिरवला. पुन्हा फिरवला. अपेक्षा भांडी घासायची थांबली. सत्यवतीची बोटं एका जागी अडली. तिने केसाएवढा काटा उपसला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"गावलो गो," ती म्हणाली. दिव्याने तोंड मोठ्ठं उघडलं.

मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी उघड्या हाताने तवा धरत असेल, कढई उतरवत असेल, तर त्या हातांचं आधी कौतुक करू नका. माझ्यासारखा एखादा आणून द्या, कामाप्रमाणे निवडून, आणि कोरडा ठेवा. पण त्याआधी जवळ बसून एकदा विचारा, बोटांना काटा लागतो का?