कौलाखालचा नंबर

मी एक जुना ड्रोन आहे. माझे एक पाते तुटले आहे, बॅटरी फुगली आहे आणि मी खिडकीजवळच्या फळीवर मोजपट्टीच्या शेजारी बसून असतो. इथून आभाळाचा एक तुकडा दिसतो. तो पाहता पाहता माझा डोळा लागतो आणि स्वप्नातही मला छपरेच दिसतात.

मित्रांनो, कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. पांढराशुभ्र उजेड होता, आणि मला वीतभर उडवून पाहणारी एक बाई "उडतंय!" म्हणाली होती. मग खोक्यातला अंधार. खोके उघडले तेव्हा समोर एक मुलगी होती आणि तिच्यामागे खुर्चीत तिचे बाबा.

बाबांनी सारा जन्म घरांवरची कौले शाकारली. एकदा शिडीवरून घसरले, कंबर गेली आणि वर जाणे कायमचे बंद झाले. काम लेकीने हाती घेतले. ती छपरावरून उतरली की बाबा विचारत, "आढ्याजवळ कसं आहे? शेवाळ हिरवं की काळं?" ती सांगायची, पण त्यांचे समाधान होत नसे. हळूहळू त्यांनी विचारणेच सोडले. भिंतीकडे तोंड करून बसू लागले, जेवायलाही दहादा हाका माराव्या लागत. म्हणून तिने मला आणले.

बाबांनी माझे नाव भुंगा ठेवले आणि लगेच फर्मान सोडले, "उडव की!"

"आधी नोंदणी, बाबा."

"छपरावर चढायला मी जन्मात कुणाला विचारलं नाही."

"छपरावर घरमालक बोलवायचा तुम्हाला. आकाशात कोण बोलावतंय? वरून काही पडलं तर कुणाचं, ते कळायला नको?"

बाबा पुटपुटत राहिले. लेकीने आपला नाव-पत्ता नोंदवला, नियम वाचले. नजरेआड उडवायचे नाही, गर्दीवर न्यायचे नाही, विमानतळाच्या वाटेला जायचे नाही. छोटीशी परीक्षाही दिली. मग मला नंबर मिळाला. मला मांस नाही, तरी अंगावर मूठभर चढले!

नंबर लिहायचे काम बाबांनी मागून घेतले. आता त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगतो. छप्पर पुरे झाले की शेवटच्या कौलाच्या खालच्या अंगाला कारागीर कोळशाने आपले नाव लिहितो. ते घरमालकाला कधीच दिसत नाही. पुढे कधी कौल उचलणाऱ्या दुसऱ्या कारागिराला तेवढे दिसते. नाव मिरवायचे नसते, असे बाबा मानत. त्यांनी बारीक कुंचल्याने माझा नंबर बॅटरीच्या खाली, आत लिहिला आणि वर बॅटरी बसवून टाकली.

"लिहिला?" लेकीने विचारले.

"लिहिला," बाबा म्हणाले. ती घाईत होती, तिने पाहिले नाही.

मग सुरू झाले माझे सोन्याचे दिवस. लेक अंगणातून मला उडवी आणि बाबा माझ्या कॅमेऱ्याला दिसेल ते दाखवणारा छोटा पडदा मांडीवर घेऊन बसत. खाली लाल कौलांच्या लाटा, पन्हळीत साठलेले पाणी, त्यात माझी सावली. "थांब भुंग्या, जरा डावीकडे... हां, हे बघ, फुटलंय!" बाबांचा आवाज असा यायचा, जणू तेच वर चालत आहेत. एकदा माझा पाय मोडला, तर त्यांनी तो कौले बांधायच्या तारेने, त्यांच्या खास गाठीने बांधून दिला.

एका दुपारी वाऱ्याने मला भलतीकडेच ओढून नेले. मी टेकडीपलीकडच्या एका छपरावर आदळलो, एक कौल फोडले आणि घरंगळत अंगणात पडलो. ते घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे होते. त्यांनी मला उलटेपालटे करून पाहिले आणि नोंदणी कार्यालयाला फोन लावला. पलीकडून विचारले, "नंबर काय?"

"नंबरच नाही हो!"

फोन तिथेच संपला. मी शिलाई मशीनजवळ धूळ खात पडलो. इकडे घरी बाबांनी कबूल केले की नंबर आत लिहिला आहे. लेकीने कपाळाला हात लावला. "दुसरा आणू," ती म्हणाली. "नको," म्हणून बाबांनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली.

मी फोडलेल्या कौलातून पाणी गळू लागले, तेव्हा बाईंनी छपराचा कारागीर बोलावला. काम उरकून तो पाणी प्यायला आत आला आणि माझ्या पायाकडे बघतच राहिला.

"ही गाठ आमच्या धंद्यातली. आत पाहिलंत का?"

"आत कशाला?"

"आम्ही लोक खालच्या अंगालाच लिहितो, बाई." त्याने बॅटरी काढली. नंबर तिथे होता.

त्या नंबरावरून कार्यालयाने पत्ता सांगितला आणि मी घरी आलो, तेव्हा बाबांच्या जिवात जीव आला. त्यांनी मला बराच वेळ मांडीवरून खाली ठेवले नाही. मग पांढरा रंग मागवला आणि माझ्या पाठीवर ठळक नंबर लिहिला. "दिसू दे सगळ्यांना," ते म्हणाले. रंग उरला होता. त्यांनी लेकीकडून एक कौल मागून घेतले, त्यावर काहीतरी लिहिले आणि म्हणाले, "हे आपल्या घरावर लाव. वरच्या अंगाला."

मित्रांनो, माझ्या भावंडांना उडवण्याआधी त्यांची नोंदणी करा. नंबर बाहेर लिहा, सहज वाचता येईल असा. हरवलेल्याला तोंड नसते, तो नंबरच त्याच्यासाठी बोलतो.

बाबा गेले, त्यानंतर लेकीने मला एकदाच उडवले, आपल्याच घरावर. मी हळूहळू वर गेलो. लाल कौलांच्या मधोमध पांढऱ्या अक्षरांत बाबांचे नाव होते, आकाशाकडे तोंड करून. खाली पडदा हातात धरून ती म्हणाली, "थांब भुंग्या, जरा थांब." बॅटरी संपेपर्यंत मी तिथेच थांबलो.